नारळ, मोसंबं, लिंबू आणि वैशूताई

वैशूताई राणेच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, फाइलींची राहत. भांडुपला, स्टेशनपासून वर चढत जाणाऱ्या रस्त्यावर तिचं फ्लेक्स-बॅनरचं दुकान होतं. पुढे दोन कॉम्प्युटर, मागे छपाईचं लांबलचक मशीन आणि मधल्या जागेत गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानं उभंच राहायचं, कारण बसायच्या बाकावर गुंडाळलेले बॅनर झोपलेले असायचे. आपल्या खुर्चीतून, मान न वळवता, ती हाका मारायची.

“बारसं गुलाबी कोण? हां, तुझं झालंय, घेऊन जा. ए दहीहंडी सात फूट, तू थांब. तुझ्या मंडळानं परत अध्यक्ष बदलला काय रे?”

आणि ती गुलाबी बारशाची आई आणि तो सात फुटी गोविंदा निमूटपणे पुढे येत. कुणाला राग आलेला मी पाहिला नाही. माझं नाव माधव आहे, हे मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, मग सोडून दिलं. तिच्या लेखी मी हॅकेथॉन होतो. “ए हॅकेथॉन, दारात उभा राहू नको, उजेड अडतो.”

मी गंगाखेडचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून मुलुंडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पोचलो होतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. तिसऱ्या वर्षी आम्ही कॉलेजात पहिल्यांदाच हॅकेथॉन घ्यायचं ठरवलं. म्हणजे वेगवेगळ्या कॉलेजांच्या टीम एका ठिकाणी चोवीस तास बसतात आणि एखाद्या अडचणीवर ॲप किंवा निदान त्याचा नमुना बनवून दाखवतात. नऊ जणांची कमिटी झाली. अध्यक्ष ईशा, मुलुंडचीच, आईवडील दोघंही इंजिनिअर, बोलायला एकदम फटाकडी. कामं वाटताना तिनं माझा फॉर्म हातात घेतला आणि म्हणाली, “यार, तुझं अक्षर काय भारी आहे! तू डिझाइन बघ.” अशा रीतीनं मी लोगो, पोस्टर, बॅनर, टी-शर्ट, गळ्यातली ओळखपत्रं आणि सर्टिफिकेटं या सगळ्याचा प्रमुख झालो. त्याआधी मी फक्त शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिले होते.

पण हे सगळं गमतीचं नव्हतं. आमच्या कॉलेजात चांगल्या कंपन्या येत नसत. पवईच्या मोठ्या संस्थेत जात, आमच्या गेटावरून पुढे जात. डिपार्टमेंटच्या खरे सरांनी खूप खटपट करून एका कंपनीला कबूल करून घेतलं होतं. तिची दोन माणसं परीक्षक म्हणून येणार, चांगली मुलं दिसली तर इंटर्नशिपला उचलणार. अट एकच होती. किमान चाळीस टीम हव्यात, कागदावर नाही, प्रत्यक्ष हॉलमध्ये. “एकोणचाळीस असतील तर येणार नाही, असं सांगितलंय त्यांनी,” खरे सर म्हणाले, “आणि मीही मग हॉल देणार नाही. शोभा नको.” ज्याचे काका-मामा कंपनीत आहेत त्याला दुसरे दरवाजे असतात. आमच्यातल्या निम्म्या मुलांना हा एकच होता.

तर मी पोस्टर बनवलं. तीन दिवस खपून बनवलं. काळीभोर पार्श्वभूमी, त्यावर बारीक हिरव्या रेघांचं सर्किट, मधोमध सडसडीत अक्षरांत ‘कोडझेनिथ २.०’ आणि खालच्या कोपऱ्यात क्यूआर कोड. बाकी सगळी जागा मोकळी. ईशानं परदेशातल्या कार्यक्रमांची पोस्टरं दाखवून बजावलं होतं की मोकळी जागा म्हणजेच क्लास.

वैशूताईनं ते स्क्रीनवर उघडलं. एक पाय खुर्चीवर दुमडून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून ती बराच वेळ बघत राहिली.

“हे दोन पॉइंट शून्य काय आहे?”

“म्हणजे दुसरी आवृत्ती, ताई.”

“पहिली कधी झाली?”

“पहिली नाही झाली. तसं लिहिलं की भारी वाटतं.”

“म्हणजे पहिल्या पोराचा पत्ता नाही आणि दुसऱ्याचं बारसं?”

सात फुटी दहीहंडीवाला मागे उभा होता, तो खो-खो हसला. मी कानापर्यंत लाल झालो. पण तिचं अजून व्हायचं होतं. तिनं ए-थ्री आकारात एक प्रिंट काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “जा. समोर लाव.”

तिची पद्धत अशी होती. कुठलंही डिझाइन ती स्क्रीनवर पास करत नसे. समोरच्या फुटपाथवर एका इस्त्रीवाल्या काकांची टपरी होती. प्रिंट त्या टपरीशेजारच्या जाळीला लावायची, आपण रस्त्याच्या अलीकडून बघायचं, आणि पलीकडे कुठल्याही कामात गुंतलेल्या काकांना फक्त मान वर करायला सांगायचं. पुन्हा बघायचं नाही. एका नजरेत जे कळलं ते खरं. “बॅनर काय लग्नाची बायको आहे, रोज बसून बघायला?” ती म्हणायची. “बसमधला माणूस बघणार, तेवढ्यात बस पुढे.”

मी जाळीला प्रिंट लावून परत आलो. वैशूताई दुकानाच्या पायरीवरून ओरडली, “काका! बघा वर! काय आहे?”

काकांनी इस्त्री आडवी धरून मान वर केली. चेहरा गंभीर झाला.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

वैशूताई पायरीवरच बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, “ताई, काळा रंग टेक्नॉलॉजीचा असतो.” ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, “असेल रे बाबा. पण आमच्या भांडुपात तो तेराव्याचा असतो.”

त्या दिवशी दोन तासांत तिनं मला जे शिकवलं ते नंतर कुठल्या कोर्समध्ये कुणी शिकवलं नाही. पार्श्वभूमी तिनं हळदीपेक्षा थोडी गडद पिवळी केली, अक्षरं जाड केली, शून्यासकट दोन पॉइंट उडवला. पहिल्या ओळीत काय आहे, दुसऱ्या ओळीत कधी, तिसऱ्या ओळीत कुठे, बस. पुन्हा जाळीला लावलं. काकांनी मान वर केली आणि म्हणाले, “पोरांची कसली तरी स्पर्धा आहे मुलुंडला.” वैशूताईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. “पास! काकांना स्पर्धा कळली, म्हणजे मुलुंड काय, देवनारपर्यंत कळेल.”

तिनं आयुष्यात केलेलं मुख्य काम म्हणजे डोकी बसवणं. मंडळांचे, सत्कारांचे, वाढदिवसांचे बॅनर. त्यात कुणाचा फोटो केवढा, कुणाच्या वर, कुणाच्या डावीकडे, यावर माणसं वर्षानुवर्षं बोलणं टाकतात. त्यासाठी तिचं माप ठरलेलं होतं. अध्यक्ष म्हणजे नारळ. सचिव आणि खजिनदार, मोसंबं. सदस्य, लिंबू. मागच्या खोलीत मशीन चालवणाऱ्या दिराला ती ओरडून सांगायची, “दोन नारळ, चार मोसंबी, अठरा लिंबं, नऊ बाय चार!” नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं आपण चुकून वाण्याकडे आलो.

एका मंडळात दोघं स्वतःला अध्यक्ष म्हणवत होते. दोघंही एकाच दिवशी दुकानात आले, दोघांनाही एकटंच नारळ व्हायचं होतं. मी तेव्हा टी-शर्टाचा रंग ठरवायला आलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोरचं. आवाज चढले. वैशूताईनं दोघांचं ऐकून घेतलं, बाटलीतली सोलकढी दोन कपांत ओतून दोघांपुढे ठेवली आणि म्हणाली, “बॅनर रस्त्याला आडवा टांगायचाय ना? मग दोन्हीकडून छापते. स्टेशनकडून येताना तुम्ही अध्यक्ष. स्टेशनकडे जाताना हे अध्यक्ष. भांडायचं असेल तर बॅनरखाली उभं राहून भांडा, तिथं कुणीच दिसत नाही.” दोघं सोलकढी पिऊन गेले. मंडळाचा तो उत्सव, मी ऐकलं, शांततेत पार पडला.

मात्र एका बाबतीत ती कुणाचंच ऐकायची नाही. फोटो गोरा करून द्यायची नाही, तीळ काढायची नाही. एकदा एक नवरदेव दोन मित्रांना घेऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, जरा उजळ करा ना.” तिनं त्याच्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं.

“तुका काय झालाहा रे? चांगलो आसस. उद्या तुझ्या बायकोनं बॅनरवरच्या माणसाला हार घातला तर तू काय करशील?”

मित्र हसले, नवरदेवही हसला, आणि आपल्या मूळ रंगात नऊ फूट उंच टांगला गेला. मी कोपऱ्यात उभा होतो. कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या बोलण्यावर, माझ्या कपड्यांवर मुलं हसायची ते मला का कोण जाणे त्या वेळी आठवलं, आणि मी तिच्यासाठी पळत जाऊन वडापाव आणला. तिनं विचारलं, “कशाबद्दल?” मी म्हटलं, “असाच.”

आता ती चूक. तिला मी चूक म्हणतो, वैशूताई शेवटपर्यंत “फाइलचा घोळ” म्हणायची.

पोस्टर सुधारलं तरी मोठ्या बॅनरवर ईशा अडून होती. मोकळी जागा हवीच. शेवटी तडजोड झाली. पिवळा रंग वैशूताईचा, मोकळी जागा ईशाची. दहा बाय सहाचा बॅनर, डावीकडे मजकूर, कोपऱ्यात क्यूआर कोड, उजवीकडची सगळी बाजू रिकामी. मुलुंड, भांडुप, घाटकोपर अशा पाच कॉलेजांच्या गेटांवर लावायची परवानगी खरे सरांनी आणली होती. शनिवारी दुपारी मी फाइल फोनवरून पाठवली आणि मेसेज केला, “ताई, फायनल. सोमवारी सकाळी लावून टाका.” आणि मी परीक्षेच्या अभ्यासाला बसलो.

फ्लेक्सच्या धंद्यात रिकामी जागा नावाची गोष्टच नसते. रिकामी जागा दिसली की त्याचा अर्थ एकच, फोटो फाइलसोबत आले नाहीत. गिऱ्हाइकं फाइल पाठवतात, फोटो जोडायला विसरतात. हे तिच्याकडे दिवसातून चार वेळा व्हायचं. वैशूताईला वाटलं, हॅकेथॉनचंही तेच झालं. मला फोन केला तर माझा फोन अभ्यासासाठी बंद. रविवारी मशीन मंडळांसाठी अडकणार होतं. मग तिनं विचार केला, पोराचं काम अडायला नको. आमच्या नऊ जणांची ओळखपत्रं तिच्याकडेच छपाईला होती. त्यात सगळ्यांचे फोटो, नावं, गावं, फोन नंबर. तिनं ते उचलले आणि प्रेमानं बसवले.

सोमवारी सकाळी ईशाचा फोन आला. म्हणाली, “मॅड्या, गेटावर ये.”

गेटावर दोनशे मुलं उभी होती. वर पिवळाधमक बॅनर आणि त्यावर, नारळाएवढा नाही, चांगला कलिंगडाएवढा, मी. ओळखपत्राचा फोटो. तेल लावून पाडलेला भांग, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. खाली ‘माधव, गंगाखेड’ आणि माझा फोन नंबर. माझ्या खाली दोन मोसंबी, आणि सगळ्यांत खाली सहा लिंबांच्या रांगेत, उजवीकडून दुसरी, आमची अध्यक्ष ईशा. सगळ्यांच्या नावासमोर फोन नंबर. वर मोठ्या अक्षरांत ‘सर्वांचे हार्दिक स्वागत’ आणि तळाला ‘आपले नम्र’.

“मी लिंबू आहे,” ईशा म्हणाली. “यार, मी लिंबू आहे!”

दुकानात पोचलो तेव्हा मी जवळजवळ रडत होतो. वैशूताई खूश होती. “बघितलास? सुंदर झालाय ना? फोटो नव्हते फाइलीत. मी शोधून घातले.”

“ताई, ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती!”

“मुद्दाम?” तिला खरंच कळेना. “रिकामी जागा मुद्दाम कोण ठेवतं? माणसं खंय मग?”

“क्यूआर कोड होता ना. स्कॅन करायचा की फॉर्म उघडतो.”

“त्या चौकटीच्या रांगोळीला कुणी विचारलं, बाबा माझ्यासारखा चालेल काय, तर ती काय उत्तर देणार?” मग माझा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. “चुकलं माझं. आज संध्याकाळपर्यंत पाचही उतरवते. मशीन रिकामं करते, परत छापते. बस तू, पाणी पी.”

आणि ते तिनं केलंही असतं. त्या क्षणापर्यंत आमच्याकडे अकरा टीम होत्या, शुक्रवारी संध्याकाळी पाचला नोंदणी बंद होणार होती, आणि मी बाकावरचे बॅनर बाजूला सारून पाणी पीत होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

“हॅलो, तुम्ही बॅनरवरचे का? गंगाखेडचे?” मुलीचा आवाज होता. “मी घाटकोपरच्या कॉलेजात आहे. गाव मानवत, तुमच्याच जिल्ह्यातलं. एक विचारू? हसणार नाही ना?”

“नाही, विचार.”

“तिथं सगळं इंग्रजीत बोलावं लागतं का?”

मी म्हणालो, मराठीत बोललीस तरी चालेल, मीही तसाच बोलतो. ती म्हणाली, “आणि आमच्यात तिघींत एकच लॅपटॉप आहे.” मी म्हणालो, एक पुरे. तिनं पलीकडे कुणाला तरी ओरडून सांगितलं, “अगं चालतंय!” आणि फोन ठेवला.

वैशूताई माझ्याकडे बघत होती. “उतरवू?”

फोन पुन्हा वाजला.

“राहू द्या,” मी म्हणालो.

पुढचे चार दिवस आम्ही नऊ जण टेलिफोन खात्यासारखे बोलत होतो. मी पहिल्या वर्षाला आहे, चालेल का? आमच्या कॉलेजचं नाव कुणी ऐकलं नाही, चालेल का? कोडिंग जेमतेम येतं, चालेल का? मुली फक्त दोघी असतील तर बसायला वेगळी जागा आहे का? यांतलं एकही वाक्य फॉर्ममध्ये भरायला जागा नव्हती. लिंबांनाही फोन येत होते. ईशानं तर एका दिवसात सहा टीम ओढल्या आणि शेवटी कबूल केलं, “माझा फोटो लहान आहे म्हणून लोकांना माझी भीती वाटत नाही बहुतेक.” बुधवारी सव्वीस झाल्या. गुरुवारी पस्तीस. शुक्रवारी दुपारी एकोणचाळीस. आणि मग फोन थांबले.

साडेतीनला मी ओळखपत्रं आणायला दुकानात गेलो.

“तोंड का पाडलंस, हॅकेथॉन? किती कमी?”

“एक.”

“माणूस?”

“टीम. निदान तिघं लागतात, आणि विद्यार्थीच हवेत.”

तिनं खुर्चीवरचा पाय खाली घेतला, हे ती क्वचितच करायची, आणि आपली पर्स उघडली. आतून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक ओळखपत्र काढून कीबोर्डवर ठेवलं. मुक्त विद्यापीठ. बी. ए., दुसरं वर्ष. राणे वैशाली. गालावरचा तीळ फोटोतही तसाच होता.

“नियम मीच छापलेत तुझे,” ती म्हणाली. “मान्यताप्राप्त विद्यापीठ, कुठलीही शाखा, कुठलंही वर्ष. वयाचं काय लिहिलंयस?”

“काही नाही.”

“मग झालं. रविवारच्या वर्गाला माझ्या बाकावर दोघं असतात. हेमा, पोस्टात आहे. आणि मोरे, रिक्षा चालवतो. लाव फोन.”

मला हसू आलं. तिच्याकडे महिनाभर येत होतो, पण ती शिकते हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, “ताई, कधी बोलला नाहीत?” ती म्हणाली, “तू कधी विचारलंस? तुझं आपलं, रंग कुठला, फाँट कुठला.” चार वाजून पन्नास मिनिटांनी फॉर्म भरला गेला. टीमचं नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, “टाक, रविवार.”

शनिवारी सकाळी खरे सरांनी यादी वाचली आणि चष्मा काढला. “माधव, या टीममध्ये कोडिंग कोण करणार?”

“सर, नमुना चित्रांत दाखवला तरी चालतो, असं नियमात आहे.”

“आणि यांचं वय?”

“सर, ते नियमात नाही.”

ईशा शेजारी उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “सर, पुढच्या वर्षी घालू हवं तर.” सरांनी चष्मा परत घातला. “उद्या साडेनऊला हॉलमध्ये मोजणार मी. खुर्च्या नाही, माणसं.”

पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे मला शेवट माझ्या आवडीनं करता येईल. मानवतची ती मुलगी, जिला इंग्रजीची भीती होती, तिला त्या कंपनीनं इंटर्नशिपला घेतलं. आज ती तिथंच नोकरीला आहे आणि मला अधूनमधून “ओ कलिंगड” म्हणून मेसेज करते. मंडळाच्या बॅनरवर कुणाचं डोकं केवढं ते भांडण न होता ठरवून देणारं ॲप रविवार टीमनं चित्रांत मांडलं, आणि परीक्षकांपैकी एक बाई इतक्या हसल्या की त्यांना हॉलबाहेर जाऊन यावं लागलं. बक्षीस मिळालं नाही. वैशूताईचं म्हणणं पडलं की गुण देणाऱ्यांना मंडळाचा अनुभव नव्हता. पुढच्या वर्षी मी पदवी घेऊन पुण्याला नोकरीला गेलो. दुकानाची इमारत पाडायला काढली, तेव्हा तिनं सामान डोंबिवलीकडे हलवलं असं ऐकलं. तिचा नंबर लागत नाही. माझ्या हाताखाली आता तीन डिझायनर आहेत. ते काही दाखवायला आले की मी खिडकीतून रस्त्यापलीकडे कोण उभं आहे ते आधी बघतो.

तर रविवार. सकाळचे सव्वानऊ. हॉलमध्ये चाळीस टेबलं, एकोणचाळीस भरलेली. दीडशेच्या वर मुलं, सगळ्यांच्या गळ्यात वैशूताईनं छापलेली ओळखपत्रं, सगळ्यांपुढे उघडलेले लॅपटॉप. स्टेजवर कंपनीची दोन माणसं बसली होती आणि त्यांतला एक सारखा घड्याळ बघत होता. खरे सर हातात यादी घेऊन रांगेरांगेनं मोजत येत होते. मी गेटावर उभा होतो. वैशूताईला सात फोन केले, एकही उचलला नाही. ईशा मला पायऱ्यांवरून खुणा करत होती, आली का, आली का. नऊ वीस. नऊ पंचवीस. सर शेवटच्या रांगेत पोचले असतील, असा मी हिशोब करत होतो, आणि त्या रिकाम्या टेबलापुढे ते थांबतील तेव्हा त्यांचा चेहरा कसा असेल तेही मला दिसत होतं.

तेवढ्यात एक रिक्षा उलट्या बाजूनं आत घुसली. वॉचमन ओरडला. रिक्षा थांबायच्या आधीच वैशूताई उतरली. तिच्या कडेवर, ओढणीत गुंडाळलेला, दुकानातला सीपीयू होता. लहान मूल घ्यावं तसा घेतलेला. मागून हेमा, कीबोर्ड काखेत आणि माउसची वायर लोंबते आहे. रिक्षा तशीच सोडून मोरे, टॉवेलात बांधलेला मॉनिटर डोक्यावर.

“ताई! फोन का नाही उचलला?”

“कुठच्या हातानं उचलू, मेल्या? बाजूला हो!”

आम्ही सगळे जिन्यावरून धावलो. हॉलचं दार ईशानं धरून ठेवलं होतं. वैशूताई आत शिरली आणि दीडशे माना वळल्या. खरे सर चाळिसाव्या टेबलापुढे उभे होते, पेन्सिल कागदावर टेकलेली.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“लॅपटॉप नाय ना सर आमच्याकडे,” ती धापा टाकत म्हणाली, “म्हणून दुकानच उचलून आणलंय.”

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ अठ्ठावीस. मग ते बाजूला सरकले, सीपीयूला एका हाताचा आधार देऊन तो टेबलावर ठेवायला लागले, आणि यादीवर काहीतरी लिहून स्टेजकडे चालत गेले. ईशानं माझा दंड इतक्या जोरात आवळला की वळ उठला. मागच्या कुठल्या तरी टेबलावरून एकानं टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल कारण न कळता टाळ्या वाजवायला लागला.

वैशूताईला त्याचं काही नव्हतं. ती टेबलाखाली वाकून प्लग शोधत होती. शेजारच्या टेबलावर अंधेरीहून आलेला एक मुलगा अदबीनं उठून उभा राहिला.

“मॅडम, तुम्ही जज आहात का?”

तिनं टेबलाखालून डोकं वर काढलं. केस विस्कटलेले, गालाला धूळ.

“नाय रे. स्पर्धक. तुझा तो चार्जर काढ जरा, माझा प्लग लागत नाय.”

त्यानं काढला. तिनं बटण दाबलं. सीपीयू आधी खाकरला, मग घरघरला, आणि मग त्या पंख्यानं असा काही सूर धरला की स्टेजवरचा घड्याळवाला माणूससुद्धा मान उंच करून बघायला लागला. चाळीस टेबलांत सगळ्यांत मोठा आवाज तिच्या मशीनचा होता. वैशूताईनं चपला काढल्या, एक पाय खुर्चीवर घेतला आणि माउस हातात धरला.